विमानतळावरच्या खालच्या ढगांचा संख्याशास्त्रीय अंदाज: नोंदींपासून निर्णयापर्यंत

सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या दोन समांतर धावपट्ट्यांच्या मध्यरेषांमध्ये फक्त ७५० फुटांचं अंतर आहे. बरीच वर्षं इथे आकाश मोकळं असलं की वैमानिकाला शेजारून उतरणारं विमान दिसायचं, दोन्ही धावपट्ट्यांवर जोडीने विमानं उतरायची आणि तासाला साधारण ६० विमानं खाली येऊ शकायची. उन्हाळ्यात पॅसिफिकवरून स्ट्रॅटस, म्हणजे खालच्या सपाट ढगांचा थर आत सरकला की ही जोडी मोडायची आणि आकडा जवळजवळ ३० वर यायचा. वादळ नाही, पाऊस नाही, वारा बेताचा. तरीही दुसऱ्या टोकाच्या शहरातली विमानं जमिनीवरच रोखून धरावी लागायची. तो थर दुपारपर्यंत बहुधा विरतो हे सगळ्यांनाच माहीत असतं. प्रश्न असतो तो नऊला विरेल की साडेअकराला, याचा.

खालच्या ढगांच्या बाबतीत हा 'कधी' फार नाजूक असतो. मोठी संगणकीय हवामान मॉडेल्स काही किलोमीटरच्या चौकटीत विचार करतात आणि दोनशे मीटर जाडीचा ढगाचा थर त्यांच्या उभ्या स्तरांमध्ये कसाबसा मावतो. म्हणून इथे एकाच ठिकाणच्या जुन्या नोंदींवर उभा राहिलेला संख्याशास्त्रीय अंदाज अजूनही उपयोगी पडतो. असा अंदाज कसा उभा करायचा ते पुढे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. रिग्रेशन म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक आहे, पायथन किंवा आर यांपैकी एक साधन हाताशी आहे आणि त्या विमानतळाच्या आठ-दहा वर्षांच्या तासागणिक नोंदी मिळू शकतात, एवढं गृहीत धरतो. मॉडेल निवडण्यावर यात सगळ्यात कमी वेळ जातो, आणि तेच योग्य आहे.

१. घटना नेमकी ठरवा

सीलिंग म्हणजे अर्ध्याहून अधिक आकाश झाकणाऱ्या सर्वांत खालच्या ढगथराच्या तळाची जमिनीपासूनची उंची. आकाशाचे आठ भाग कल्पायचे. ३-४ भाग ढग असले तर 'स्कॅटर्ड', ५ ते ७ असले तर 'ब्रोकन', आठही भाग झाकले तर 'ओव्हरकास्ट'. यातल्या शेवटच्या दोन प्रकारांनाच सीलिंग म्हणतात. धुक्यामुळे ढगाचा तळच दिसत नसेल तर मेटार संदेशात, म्हणजे विमानतळाच्या नियमित सांकेतिक हवामान-नोंदीत, ऊर्ध्व दृश्यमानता (सरळ वर किती उंचीपर्यंत दिसतं ते) दिलेली असते. तीही सीलिंग म्हणूनच धरायची. नवखे लोक ती गाळतात आणि सर्वांत वाईट तास त्यांच्या हिशोबातून निसटतात.

आता उंबरठा. उपकरणांच्या आधारे उतरण्याच्या पहिल्या श्रेणीत निर्णयाची उंची (इथपर्यंत धावपट्टी दिसली नाही तर उतरणं सोडायचं) २०० फूट असते, दुसऱ्या श्रेणीत १०० फूट. अमेरिकेत सीलिंग १००० फुटांच्या खाली गेलं की उपकरण-उड्डाणाची स्थिती मानतात, ५०० च्या खाली गेलं की त्याहून खालची. हे आकडे सोयीचे आहेत, पण तुमच्या विमानतळाची क्षमता त्याच आकड्यांवर बदलते असं नाही. कुठे जवळच्या टेकडीमुळे १२०० फुटांना फरक पडतो, कुठे समांतर धावपट्ट्यांमुळे २५०० फुटांचा ढगही अडचण करतो. म्हणून संगणक उघडण्याआधी हवाई वाहतूक नियंत्रकांशी बोला. तीन गोष्टी विचारायच्या: कोणत्या उंचीला उतरणाऱ्या विमानांचा दर बदलतो, दिवसाच्या कोणत्या तासांत तो बदल खरा दुखतो, आणि निर्णय किती तास आधी घ्यावा लागतो. चार तासांच्या उड्डाणाला मूळ विमानतळावर थांबवायचं तर अंदाज चार तासांहून अधिक आधी लागतो. ही तीन उत्तरं हातात आली की निम्मी रचना ठरलेली असते.

घटना दोन प्रकारे मांडता येते. एक, 'ठरावीक वेळी सीलिंग उंबरठ्याच्या खाली असेल का?' दोन, 'आत्ता खाली असलेलं सीलिंग कधी उठेल?' पहाटेच्या स्ट्रॅटसला दुसरा प्रश्न अधिक लागू पडतो, कारण ढग आलेला सगळ्यांना दिसतोच आहे. पावसासोबत खाली येणाऱ्या ढगांना पहिला. दोन्हींची सरमिसळ एकाच मॉडेलमध्ये करू नका.

'उठलं' याचीही व्याख्या लागते. सीलिंग ९०० फुटांवरून ११०० वर जातं, वीस मिनिटांनी परत ८०० वर येतं. उंबरठा ओलांडल्यावर निदान एक तास वर टिकलं तरच उठलं, असा काहीतरी नियम करा आणि मग शेवटपर्यंत बदलू नका.

आणखी एक खोच. ढगमापक विमानतळावर असतो, पण विमान उतरताना ढगातून बाहेर पडतं ते धावपट्टीच्या कितीतरी किलोमीटर अलीकडे. सॅन फ्रान्सिस्कोत तर विमानतळावर ऊन पडलेलं असताना खाडीवरच्या उतरण्याच्या मार्गावर ढग शिल्लक असू शकतो, आणि जोडीने उतरणं त्या ढगावर अवलंबून असायचं. तुमच्याकडे अशी स्थिती असेल तर मेटारमधलं सीलिंग ही खरी घटना नसून तिच्या जवळची काहीतरी वस्तू आहे. शक्य असेल तर नियंत्रण कक्षाच्या नोंदवहीतून उतरण्याचा प्रत्यक्ष दर कधी बदलला त्या वेळा मिळवा.

२. नोंदी साफ करा

या टप्प्यावर घाई करू नये.

मेटारमध्ये ढग नसल्याचं वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं असतं. 'कॅव्होक' शब्द आला की ५००० फुटांखाली (किंवा त्या भागासाठी ठरलेल्या किमान उंचीखाली, दोन्हींपैकी जी जास्त असेल ती) ढग नाही, असा अर्थ. पण संदेशात ढगाचा गट नसतोच. संदेश उलगडणारे बरेच प्रोग्रॅम अशा वेळी सीलिंगचा रकाना रिकामा सोडतात. तुम्ही रिकाम्या ओळी गाळल्या की फक्त मोकळ्या आकाशाचे तास गळतात आणि खालच्या ढगांचं प्रमाण फुगतं. 'नोंद नाही' आणि 'ढग नाही' यांना पहिल्या दिवसापासून वेगळी खूण द्या.

हवामान अचानक बदललं की नेहमीच्या दोन वेळांच्या मधेही विशेष संदेश निघतात. तेही सरसकट घेतले तर गोंधळाच्या दिवसांना जास्त ओळी मिळतात. ठरावीक मिनिटाचीच नोंद घ्या. विशेष संदेश फक्त सीलिंग नेमकं कधी उठलं ती वेळ ठरवायला वापरा.

स्वयंचलित ढगमापक हा सरळ वर बघणारा लेझर असतो. त्याला डोक्यावरचा एकच ठिपका दिसतो. आकाश किती झाकलंय ते तो काळाच्या सरासरीतून ठरवतो. अमेरिकेतल्या स्वयंचलित केंद्रांवर मागच्या ३० मिनिटांची निरीक्षणं घेतात आणि शेवटच्या १० मिनिटांना दुप्पट वजन देतात. म्हणजे ढग झपाट्याने फाटला तरी संदेशात तो काही मिनिटं 'ब्रोकन'च राहतो. माणूस निरीक्षक असलेल्या काळातून स्वयंचलित काळात केंद्र गेलं असेल तर त्या तारखेला मालिकेत उडी दिसते. केंद्राचा इतिहास मिळवा आणि अशी उडी सापडली तर जुना भाग सोडून द्यायला कचरू नका. सलग, एकसारखी सात वर्षं जोडजमाव केलेल्या वीस वर्षांपेक्षा बरी.

तापमानाच्या पूर्णांकांचा फटका सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी ओळखला जाणारा आहे. चांगल्या मिसळलेल्या हवेत ढगाच्या तळाची उंची तापमान आणि दवबिंदू यांच्या फरकावरून काढता येते: दर एक अंशाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे साधारण ४०० फूट. मेटारमध्ये दोन्ही आकडे पूर्ण अंशात दिलेले असतात. प्रत्येकात अर्ध्या अंशापर्यंत चूक, म्हणजे फरकात जास्तीत जास्त एक अंश, म्हणजे उंचीत ४०० फूट! तुमचा उंबरठा ६०० फूट असेल तर या माहितीत फारसा जीव उरत नाही. केंद्राकडे दशांश अंशापर्यंतची मूळ नोंद बहुधा असते. ती मिळवण्यासाठी केलेला पत्रव्यवहार कोणत्याही नव्या अल्गोरिदमपेक्षा जास्त फळ देतो.

वेळ जागतिक प्रमाणवेळेतच (यूटीसी) ठेवा, पण सूर्योदयापासूनचे तास हा वेगळा रकाना तयार करा. घड्याळ बदलतं, सूर्य आपल्या वेळेने उगवतो, आणि ढग सूर्याचं ऐकतो.

३. ढगांची कुळं वेगळी करा

एकाच विमानतळावर खालचे ढग अनेक कारणांनी येतात. समुद्रावरून सरकत येणारा स्ट्रॅटस, रात्रभर जमीन निवून झालेलं आणि सकाळी थोडं उचलून ढग झालेलं धुकं, पावसाने खालची हवा ओली होऊन उतरत जाणारे ढग, आणि वाऱ्याने उतारावर चढवलेल्या हवेतले ढग. यांचं येणं वेगळं, जाणंही वेगळं. सरकत आलेला थर कडेपासून कुरतडला जातो. उचललेलं धुकं ऊन चढलं की जागच्या जागी विरतं. पावसाचा ढग वारा फिरेपर्यंत हलत नाही.

सुरुवातीला साधे नियम पुरतात: मागच्या तीन तासांत पाऊस होता का, ढगाआधी दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली होती का, वारा कोणत्या दिशेचा होता. प्रत्येक प्रसंगाला एक कूळ द्या आणि महिना व तास अशा चौकटीत मोजणी करा. हा तक्ता भिंतीवर लावण्यासारखा असतो. एखाद्या कुळाचे दहा वर्षांत तीसच प्रसंग निघाले तर त्याच्यासाठी मॉडेल बांधायच्या भानगडीत पडू नका. पूर्वानुमानकाराच्या हातात ते तीस दिवस ठेवा, ते जास्त कामाचं.

४. पार करायची रेषा आखा

नवं मॉडेल चांगलं आहे हे कशाच्या तुलनेत? दीर्घकालीन सरासरीशी तुलना केली तर काहीही चांगलं दिसतं. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे सशर्त हवामानसरासरी: आत्ताची स्थिती अशी असताना पूर्वी पुढे काय झालं, त्याची मोजणी.

काल्पनिक आकडे घेऊ. दहा वर्षांच्या तीन उन्हाळी महिन्यांत ९२० सकाळी. सहा वाजता सीलिंग १००० फुटांखाली अशा २४० सकाळी. त्यांपैकी नऊ वाजताही खालीच राहिलं अशा १५०, म्हणजे ६२.५ टक्के. एकूण सकाळींपैकी नऊला खाली असण्याचं प्रमाण समजा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. 'आत्ता खाली आहे' एवढ्या एका माहितीने शक्यता तिपटीहून वर गेली. आता याच २४० सकाळी सहाच्या उंचीनुसार फोडा: ४०० फुटांखालच्या ९० पैकी ६८ टिकल्या, म्हणजे सुमारे ७६ टक्के, ४०० च्या वरच्या १५० पैकी ८२ टिकल्या, म्हणजे सुमारे ५५ टक्के. कोणतंही समीकरण न लावता एक उपयोगी अंदाज तयार झाला.

याला मर्यादा अर्थात नमुन्यांच्या संख्येची. वाऱ्याची दिशा, महिना, उंची, दवबिंदू असे फोडत गेलात की एका चौकटीत चार दिवस उरतात आणि ७५ टक्के हा आकडा निव्वळ योगायोग ठरतो. लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे घटना घडण्याची शक्यता देणारं रिग्रेशन, लागतं ते इथून पुढे, कारण ते सगळ्या चौकटींतली माहिती एकमेकींना उसनी देतं.

५. पूर्वसूचक निवडताना आधी ढग समजून घ्या

पूर्वसूचक म्हणजे ज्यांवरून अंदाज बांधायचा ते रकाने. हाताशी असलेले दोनशे रकाने मॉडेलला भरवायचा मोह होतो. त्याऐवजी थर कशावर जगतो आणि कशाने मरतो ते पाहा.

स्ट्रॅटसच्या डोक्यावर बहुधा इन्व्हर्शन असतं, म्हणजे वर जाताना थंड होण्याऐवजी उबदार होणारा हवेचा थर. ते झाकण ढगाला खाली दाबून ठेवतं. रात्री ढगाचा माथा उष्णता अवकाशात सोडून थंड होतो, थंड हवा खाली बुडते, खालची ओलसर हवा वर येते आणि ढग पहाटेपर्यंत जाड होत जातो. सकाळी ऊन ढगातून झिरपून जमीन तापवतं, तळ वर सरकतो. त्याच वेळी माथ्यावरून कोरडी उबदार हवा आत ओढली जाते. तळ आणि माथा एकमेकांना भेटले की ढग संपला.

यावरून पूर्वसूचकांची यादी आपोआप निघते. इन्व्हर्शनच्या तळाची उंची आणि तिची तीव्रता, तिच्यावरच्या हवेचा कोरडेपणा, ढगाच्या तळाची उंची, आणि या सगळ्यांतून निघणारी जाडी. जाडीविषयी थोडं थांबून बोलायला हवं. थरातलं एकूण द्रवजल जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: ३०० मीटरच्या थरात १५० मीटरच्या थराच्या चौपट पाणी असतं. त्यामुळे 'दुप्पट जाड म्हणजे दुप्पट वेळ' असं सरळ नातं मिळत नाही. जाडी आणि तिचा वर्ग दोन्ही द्या, किंवा वक्र रेषा घेऊ शकणारी पद्धत वापरा. सूर्याची उंची तर हवीच. तोच ३०० मीटरचा थर भर उन्हाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडावर सारख्या वेळात विरणार नाही.

इन्व्हर्शनची माहिती बलूनच्या निरीक्षणातून मिळते, पण ती बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा, ०० आणि १२ यूटीसीला. तुमच्या प्रदेशात त्या वेळा पहाटेच्या जवळ येतात की नाही ते नशिबावर. चढत्या-उतरत्या विमानांवरचे तापमापक, ध्वनिलहरींनी हवेचा थर मोजणारं सोडार, किंवा संगणकीय मॉडेलचा उभा छेद यांनी ती फट भरता येते.

दुसरा गट वाऱ्याचा. दिशा अंशात देऊ नका. ३५९ आणि १ अंश शेजारी आहेत हे रिग्रेशनला कळत नाही. वारा किनाऱ्याला काटकोनात आणि समांतर अशा दोन घटकांत फोडा. किनाऱ्यावरच्या आणि आतल्या केंद्रातला हवेच्या दाबाचा फरक हा स्वस्त आणि भरवशाचा पूर्वसूचक आहे. समुद्री हवा किती जोराने आत ओढली जातेय ते त्यातून कळतं. वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या केंद्रांवर आत्ता सीलिंग किती आहे, हेही घ्या.

उपग्रह दिवसा उत्तम. दृश्य प्रकाशातल्या प्रतिमेवर ढगाची चकाकी जाडीबद्दल बरंच सांगते आणि कड किती दूर आहे ते थेट मोजता येतं. रात्री ३.९ आणि ११ मायक्रोमीटरच्या पट्ट्यांतला फरक वापरतात, कारण पाण्याचे बारीक थेंब पहिल्या तरंगलांबीवर कमी उत्सर्जन करतात. वर पातळ सिरस ढग आला की मात्र खालचं काही दिसत नाही. अशा वेळी उपग्रह-रकाना 'उपलब्ध नाही' ठेवा, शून्य नको.

शेवटचा गट संगणकीय मॉडेलच्या निष्पत्तीचा. मॉडेल म्हणतं ते तसंच्या तसं घेण्याऐवजी त्याच्या जुन्या अंदाजांचं प्रत्यक्ष निरीक्षणांशी नातं बसवायचं, ही पद्धत ग्लान आणि लाउरी यांनी १९७२ मध्ये मांडली. 'मॉस' या नावाने ती ओळखली जाते. मॉडेलची चूक नेहमी एकाच बाजूला असेल तर ती यात आपोआप सुधारली जाते. पण मॉडेलची नवी आवृत्ती आली की चुकीचा स्वभाव बदलतो आणि तुमचे गुणांक शिळे होतात. म्हणून सहा तासांच्या आतल्या अंदाजात निरीक्षणांना जास्त जागा द्या, त्यापुढे हळूहळू मॉडेलला.

आणि एक कडक नियम: प्रत्येक पूर्वसूचक अंदाज देण्याच्या क्षणी खरोखर हाताशी असला पाहिजे. ०० यूटीसीची मॉडेलधाव ०० यूटीसीला मिळत नाही, काही तासांनी मिळते. जुन्या माहितीवर काम करताना हे विसरणं फार सोपं असतं. प्रत्येक रकान्याला 'मोजल्याची वेळ' आणि 'पोहोचल्याची वेळ' अशा दोन वेळा लावा.

६. मॉडेल

सीलिंगच्या उंचीवर साधं रेषीय रिग्रेशन लावू नका. ढग असला तर ८०० फूट, नसला तर अमर्याद. अशा दोन कुबडांच्या वितरणाला सरासरी रेषा लावली की ती मधल्या, कधीच न घडणाऱ्या उंचीचा अंदाज देते.

'ठरावीक वेळी खाली असेल का' या प्रश्नाला लॉजिस्टिक रिग्रेशन. प्रत्येक पुढच्या तासासाठी वेगळं समीकरण बसवा, गुणांक लहान ठेवणारी शिक्षा लावा, आणि १५-२० पूर्वसूचकांपुढे जाऊ नका. अनेक उंबरठे असतील तर ५०० च्या खाली असण्याची शक्यता १००० च्या खाली असण्याच्या शक्यतेहून जास्त निघणार नाही याची तपासणी हवी. क्रमवार लॉजिस्टिक पद्धतीत हे आपोआप सांभाळलं जातं.

'कधी उठेल' या प्रश्नाला उरण्याच्या शक्यतेचं गणित जास्त शोभतं, जे वैद्यकशास्त्रात रुग्णांच्या आयुर्मानासाठी वापरतात. प्रत्येक सकाळ अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळींत फोडा. ओळीतला प्रश्न: थर अजून आहे असं धरलं, तर पुढच्या अर्ध्या तासात उठेल का? यावर साधं लॉजिस्टिक रिग्रेशनच लावायचं. समजा पुढच्या तीन अर्ध्या तासांसाठी उत्तरं १०, २० आणि ४० टक्के आली. थर टिकण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.८ गुणिले ०.६, म्हणजे ०.४३२, तेव्हा दीड तासात उठण्याची शक्यता सुमारे ५७ टक्के. याचा मोठा फायदा असा की ज्या दिवशी ढग संध्याकाळपर्यंत हललाच नाही तो दिवसही हिशोबात राहतो. 'उठण्याची वेळ' हाच आकडा रिग्रेशनला दिला असता तर असे दिवस गाळावे लागले असते, आणि नेमके तेच सगळ्यात महाग दिवस.

निर्णयवृक्षांवर आधारलेल्या पद्धती वापरून पाहायला हरकत नाही. त्या वक्र नाती चांगली पकडतात. पण काहीशे प्रसंगांवर त्यांचा फायदा अनेकदा थोडा असतो आणि त्यांच्या शक्यता टोकाकडे झुकतात, म्हणून त्या नंतर पुन्हा जुळवून घ्याव्या लागतात. लॉजिस्टिक मॉडेलने आज ७० टक्के का म्हटलं ते पूर्वानुमानकाराला एका ओळीत सांगता येतं, ही सोय मला फार मोलाची वाटते.

एकाहून अधिक मॉडेल्स एकत्र करणं हा सिद्ध झालेला मार्ग आहे. सॅन फ्रान्सिस्कोसाठी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने बांधलेल्या प्रणालीत चार घटक होते: हवेच्या एका उभ्या स्तंभाचं भौतिक मॉडेल, स्थानिक निरीक्षणांवरचं संख्याशास्त्रीय मॉडेल, आसपासच्या प्रदेशातल्या केंद्रांवरचं दुसरं, आणि उपग्रहाच्या चकाकीवरचं तिसरं. चारही अंदाज वजनं देऊन एकत्र केले जात. वेगवेगळ्या माहितीवर जगणारी मॉडेल्स वेगवेगळ्या दिवशी चुकतात, म्हणून सरासरी टिकते. एकाच माहितीवरची चार मॉडेल्स एकत्र करून हे साधत नाही.

७. स्वतःला फसवू न देता तपासा

सगळ्या ओळी पत्त्यांसारख्या पिसून ८० टक्के शिकायला आणि २० टक्के तपासायला, ही पद्धत इथे चालत नाही. सातची ओळ शिकण्यात आणि साडेसातची तपासणीत गेली तर तो एकच ढग आहे; मॉडेलला उत्तर आधीच माहीत असतं. पूर्ण वर्षं बाजूला ठेवा: एक वर्ष तपासणीला, बाकीची शिकायला, मग दुसरं वर्ष. याशिवाय सर्वांत अलीकडचं एक वर्ष कपाटात बंद ठेवा आणि सगळं ठरल्यावर एकदाच उघडा.

शक्यतेच्या अंदाजाला ब्रायर गुण लावतात. ग्लेन ब्रायर यांनी तो १९५० मध्ये सुचवला. दिलेली शक्यता आणि घडलेलं वास्तव (घडलं तर १, नाही तर ०) यांच्या फरकाचा वर्ग, आणि त्याची सरासरी. ८० टक्के म्हटलं आणि घडलं तर ०.०४; ८० म्हटलं आणि घडलं नाही तर ०.६४. लहान आकडा चांगला. पण नुसता ब्रायर सांगू नका. सशर्त हवामानसरासरीच्या ब्रायरपेक्षा तो किती टक्के कमी झाला ते सांगा.

मोजणी कोणत्या दिवसांवर केली हेही तितकंच महत्त्वाचं. वर्षाच्या सगळ्या तासांवर मोजलंत तर मोकळ्या आकाशाच्या हजारो सोप्या तासांमुळे ब्रायर उगाचच चांगला दिसतो. पहाटे थर प्रत्यक्ष आलेला आहे अशा दिवसांपुरतंच मोजा. त्यातही स्थिती बदलली ते तास वेगळे पाहा. तिथे मॉडेल 'आहे तेच राहील' या अंदाजाला हरवत नसेल तर त्याचा उपयोग काय, हा प्रश्न स्वतःला विचारायची वेळ आली.

मग भरवशाचा आलेख काढा: ज्या ज्या वेळी ३० टक्क्यांच्या आसपास शक्यता दिली, त्या वेळी खरोखर किती टक्के वेळा घडलं? बिंदू कर्णरेषेच्या जवळ हवेत. मॉडेल ९० म्हणतंय आणि घडतंय ७० वेळा, तर ते अतिआत्मविश्वासू आहे. तपासणीच्या वर्षांवर शक्यतांची एक दुरुस्तीरेषा बसवून हे बऱ्याच अंशी सुधारतं. अनिश्चितता काढताना तास मोजू नका, दिवस मोजा. पाच हजार तास म्हणजे कदाचित सहाशेच स्वतंत्र सकाळी असतात. पुनर्नमुना (त्याच नोंदींतून पुन्हा पुन्हा उचललेला नमुना) काढायचा तो पूर्ण दिवसांचा.

८. शक्यतेपासून निर्णयापर्यंत

नियंत्रकाला ५७ टक्के या आकड्याचं काय करायचं ते ठरवून दिलं नाही तर तो स्वतःच्या अनुभवाने ठरवेल, आणि तुमचा अंदाज बाजूला पडेल.

सोपं गणित असं. विमानं आधीच रोखण्याची किंमत समजा २० एकक. न रोखता ढग टिकलाच तर घिरट्या, इंधन, दुसरीकडे वळवलेली विमानं मिळून ८० एकक. भागाकार ०.२५. ढग टिकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तर रोखणं स्वस्त. पन्नास टक्के ही रेषा इथे कुठेच येत नाही. प्रत्यक्षात किंमती तासागणिक बदलतात: पहाटे पाचला थोडीच विमानं येणार असतील तर चूक स्वस्त, गर्दीच्या तासात महाग. शिवाय उशिरा सोडण्याचंही नुकसान आहे, कारण ढग उठला तरी वापरायला विमानंच हवेत नसतात आणि मोकळी धावपट्टी वाया जाते. म्हणून ठरावीक वेळांपर्यंत उठण्याची शक्यता एका छोट्या तक्त्यात द्यावी: ९ पर्यंत २० टक्के, १० पर्यंत ४५, ११ पर्यंत ७५. किती विमानं केव्हा सोडायची ते त्यावरून नियंत्रक ठरवतो.

विमानतळाच्या अधिकृत अंदाजात, म्हणजे टाफमध्ये, शक्यता लिहायला फारच कमी जागा आहे: ३० किंवा ४० टक्के, एवढंच. ५० किंवा त्याहून जास्त वाटली तर ती शक्यता म्हणून न लिहिता बदल म्हणून लिहायची. तुमचा सविस्तर तक्ता टाफच्या जोडीला वेगळा द्यावा लागतो, आणि दोन्हींत विसंगती दिसली तर पूर्वानुमानकाराने ती आधीच समजावून ठेवलेली असावी.

९. चालू ठेवणं

पहिला हंगाम अंदाज फक्त नोंदवा, निर्णयाला वापरू नका. प्रत्येक अंदाज, त्या क्षणी मिळालेले पूर्वसूचक आणि मॉडेलची आवृत्ती साठवून ठेवा. एखादा सेन्सर बंद पडला तर काय, याची तयारी इथेच होते: सोडार नसेल तर सोडारविना बसवलेलं दुसरं समीकरण आपोआप पुढे यायला हवं. रिकाम्या जागी सरासरी भरून मुख्य समीकरण चालवलं तर ते नेमक्या अवघड दिवशी आत्मविश्वासाने चुकतं.

दर महिन्याला भरवशाचा आलेख आणि ब्रायर पुन्हा काढा. दोन-तीन महिने सरकल्यासारखं वाटलं तर आधी ढगमापक बदलला का, तापमापकाची जागा हलवली का, वरच्या मॉडेलची आवृत्ती आली का, हे विचारा. हवामान बदललं असं म्हणणं शेवटी. नवे गुणांक हंगाम संपल्यावर काढा, मधेच नको, नाहीतर कोणत्या आवृत्तीने काय सांगितलं त्याचा माग राहत नाही.

पूर्वानुमानकाराच्या पडद्यावर शक्यतेच्या शेजारी आजच्यासारखे जुने पाच-सहा दिवस दाखवा: त्या दिवशी पहाटे काय होतं, थर केव्हा उठला. जुन्या दिवसांपैकी चार लवकर उठले आणि दोन दुपारपर्यंत राहिले असतील, तर त्या दोघांत वेगळं काय होतं हे तो माणूस नकाशा पाहून ओळखू शकतो, आणि त्याने ओळखलेलं पुढच्या वर्षीच्या समीकरणात नवा रकाना म्हणून येतं.